समुद्राकाठचा महाल, तीन गंधार आणि आमची सहा पॅनेलं: प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

ठरलं एकदाचं. आमच्या सांगलीच्या संगीत सर्कलचा यंदाचा "बाहेरचं संगीत" कार्यक्रम ट्युनिशियावर. १२ एप्रिल, शनिवार संध्याकाळ, नेहमीचाच हॉल, बाहेरच्या व्हरांड्यात सहा पॅनेलं आणि आत दीड तासाचं श्रवणसत्र. माझ्याकडे साउंड आणि मजकूर, पॅनेलांचं डिझाइन ताईंकडे, आणि काय ऐकवायचं कुठल्या क्रमानं ते काका ठरवणार कारण कान त्यांचे. बजेट नेहमीसारखंच, म्हणजे विचारू नका.

विषय थोडक्यात लिहून ठेवतो, ग्रुपवर सारखं कोण ना कोण विचारतंय. ट्युनिस शहरापासून जवळच समुद्रावर सिदी बू सईद नावाचं टेकडीवरचं गाव आहे, पांढऱ्या भिंती निळी दारं, सगळ्यांनी फोटोत बघितलेलं. तिथं उतारावर रोडोल्फ देरलांजे नावाच्या बॅरननं १९१२ ते १९२२ या काळात एक महाल बांधला, नाव एन्नेज्मा एझ्झाहरा. हा माणूस १८७२ चा, जन्म पॅरिसजवळचा, घराणं बँकरांचं, स्वतः चित्रकार, आणि पुढं अरबी संगीताच्या असा काही नादी लागला की उरलेलं आयुष्य त्यातच गेलं. १९३२ मध्ये तिथंच वारला. नंतर महाल ट्युनिशियाच्या सरकारनं विकत घेतला आणि नव्वदीच्या सुरुवातीपासून तिथं अरबी आणि भूमध्य सागरी संगीताचं केंद्र आहे. वाद्यांचं म्युझियम, मैफली, आणि देशाचा ध्वनिसंग्रह, सगळं एकाच छताखाली.

काकांचा पहिला प्रश्न, "बॅरन गात होता का?" गात नव्हता बहुतेक पण ऐकणारा पक्का होता, आणि पैसा होता.

१९ जानेवारी, रविवार

जुनी हार्डडिस्क काढली. नोकरीच्या कामानं ट्युनिसला होतो तेव्हाचे फोटो त्यात आहेत, पॅनेल एक आणि दोनला तेवढे पुरतील.

तिकडं जायला टीजीएम नावाची लोकल आहे, ट्युनिस–ला गुलेत–ला मार्सा, १८७२ पासूनची लाइन, म्हणजे बॅरन आणि ही लोकल एकाच वयाचे. सिदी बू सईद स्टेशनला उतरायचं आणि चढ चढायचा. वरच्या गल्लीत बांबालूनी नावाचे गरम गरम तळलेले साखर लावलेले मेदूवड्याएवढे गोल मिळतात, ते खात खात पब्लिक सरळ वर कॅफेकडं जातं आणि महाल बाजूलाच राहतो. कारण तो वरनं दिसतच नाही नीट! एवढा पैसा ओतून बांधलेला महाल पण टेकडीच्या माथ्यावर मिरवायला उभा नाही केला, उतारावर खाली खाली सरकवलाय, रस्त्याकडनं नुसती पांढरी भिंत आणि निळं दार. हे मला फार आवडलं होतं. आपल्याकडं संस्थानिकांनी बांधलेलं काहीही चार कोसांवरनं दिसलं पाहिजे असा हिशोब असायचा.

आत गेल्यावर मात्र दुसरीच गोष्ट. गच्चमध्ये, म्हणजे गिलाव्यात, जाळीसारखं कोरलेलं बारीक काम (भिंतीवर ओला गिलावा असतानाच लोखंडी हत्यारानं कोरतात म्हणे), रंगवलेली लाकडी छतं, संगमरवर, टाइल्स, आणि एका दालनात फरशीतच कोरलेला पाण्याचा चर. बाहेर ऊन मी म्हणत असताना आत गार. मधल्या चौकात उभं राहून मी सवयीनं एकदा टाळी वाजवून बघितली, रखवालदारानं बघितलं माझ्याकडं, पण हेतू साध्य झाला. कोरीव गच्चमुळं आवाज फुटतो, पसरतो, घुमत नाही. गुळगुळीत मार्बलचा हॉल असता तर उद या अरबी तंतुवाद्याचा एकेक टोल पुढच्या टोलात मिसळून खिचडी झाली असती. हे बॅरननं मुद्दाम केलं का कारागिरांच्या परंपरेतच ते होतं याचा फैसला मी नाही करणार, पण बांधणाऱ्याचे हात ट्युनिशियाचे, मोरोक्कोचे होते हे पॅनेलवर येणार.

बागेतनं खाली ट्युनिसचं आखात आणि पलीकडं बू कोर्नीनचा दोन सुळक्यांचा डोंगर. हा फोटो पॅनेल एकला, ताईंना पाठवला. ताईंचा रिप्लाय: "हाच मोठा करू, बाकी मजकूर कमी ठेव." सुरू झालं.

अजून एक नोंद. गावाचा तो निळा-पांढरा तोंडवळा आपोआप टिकलेला नाही. १९१५ मध्ये गाव जसंच्या तसं राखायचा सरकारी हुकूम निघाला आणि त्यामागं बॅरनची खटपट होती. म्हणजे आज लाखो लोक ज्या गल्लीत सेल्फी काढतात ती गल्ली शंभर वर्षांपूर्वीच "बदलायचं नाही" म्हणून ठरवलेली आहे. त्याआधी वर्षभर, १९१४ च्या एप्रिलात, पाउल क्ले आणि आउगुस्ट माके हे चित्रकार इथं येऊन गेले होते, त्यांनी बघितलेलं गाव आणि आपण बघतो ते फारसं वेगळं नसावं.

२५ जानेवारी, शनिवार

आज मजकुराचा पहिला खर्डा ग्रुपवर टाकला आणि पॅनेल तीनवरून वाजलं.

पॅनेल तीनमध्ये मी बॅरनच्या बापाचं कर्ज घातलंय. फ्रेडरिक एमिल देरलांजे, पॅरिसचा बँकर. १८६३ मध्ये ट्युनिसच्या बेनं (तिथला राजा, बे म्हणतात) याच्या बँकेकडनं साडेतीन कोटी फ्रँकचं कर्ज काढलं. अटी अशा की हातात आलं त्याच्यापेक्षा फेडायचं कितीतरी जास्त. वसुलीसाठी पुढच्याच वर्षी डोईपट्टी दुप्पट केली, ३६ पियास्टरची ७२, आणि सगळ्या देशात बंड पेटलं. १८६९ मध्ये ट्युनिशियाचं दिवाळं निघालं आणि फ्रेंच, इटालियन, इंग्रज सावकारांची कमिटी तिजोरीवर बसली, आणि १८८१ मध्ये फ्रेंच फौजच आली. एकट्या एका कर्जानं देश गेला असं म्हणणं बरोबर नाही, आधीचीही उधळपट्टी होती, दरबारी लोकांनी खाल्लं तेही होतं. पण सुरुवात ह्या कागदापासनं झाली हे खरं. आणि त्याच सावकाराचा पोरगा चाळीसेक वर्षांनी त्याच देशात येऊन टेकडी घेतो, महाल बांधतो आणि तिथलं संगीत वाचवायला बसतो.

यात आपल्याकडचाही एक धागा आहे तो मी सोडणार नाही. त्याच १८६३ साली त्याच बँकेनं अमेरिकेतल्या दक्षिणेच्या बंडखोर राज्यांसाठी कापसाच्या तारणावर युरोपात रोखे विकले. त्या राज्यांचा पॅरिसमधला वकील जॉन स्लायडेल, आणि त्याची मुलगी मॅथिल्ड ही पुढं एमिलची बायको, आपल्या बॅरनची आई. आणि अमेरिकेचा कापूस अडकला म्हणून तेव्हा मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला, खानदेश-वऱ्हाडातला कापूस गाठीनं मँचेस्टरला चालला, शेअरबाजार फुगला आणि १८६५ ला फुटला. गिरगावातले लोक ज्या लाटेवर श्रीमंत आणि भिकारी झाले तीच लाट ह्या महालाच्या पायात आहे.

ताईंचं म्हणणं, "लोक गाणं ऐकायला येणारेत, सावकारी नाही." त्यांचंही चूक नाही. व्हरांड्यात उभं राहून कोण वाचणार एवढं. पण निळी दारं दाखवायची आणि पैसा कुठनं आला ते झाकायचं हे मला नाही पटत. तूर्त पॅनेल तीन राहिलं, शब्द निम्मे करायचे या अटीवर.

२ फेब्रुवारी, रविवार

विशेष काही नाही. प्रिंटरवाल्याकडनं सनबोर्डचा रेट घेतला, फ्लेक्स नको म्हणून ताई ठाम. हॉलचा उजवा स्पीकर खरखरतोय, वायर बदलली, तरी खरखरतोय, आतला पडदा (कोन) गेलेला दिसतो. फ्रेंच मजकूर मी मशीनवर टाकून आणि आमच्या ओळखीतल्या एका फ्रेंच शिकवणाऱ्या वहिनींकडनं तपासून घेतोय, त्यांनी मोबदला म्हणून पहिल्या रांगेतली खुर्ची मागितली आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस कामाचा. सत्राची सुरुवात थेट रेकॉर्डिंगनं केली तर आपला श्रोता पहिल्या मिनिटाला "बेसूर आहे" म्हणून मोकळा होणार, हे काकांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून आधी कान तयार करणारी एक पाच मिनिटांची फाइल करायची होती, ती केली.

बॅरनच्या "अरबी संगीत" या ग्रंथाचा पहिला खंड म्हणजे अल-फाराबीच्या संगीतावरच्या मोठ्या ग्रंथाचं फ्रेंच भाषांतर. फाराबी वारला ९५० मध्ये, हजार वर्षांपूर्वीचा माणूस, आणि तो उदच्या गळ्यावर कुठलं बोट कुठं पडतं ते चक्क अपूर्णांकात लिहून ठेवतो. मोकळी तार हा सा धरला तर पहिलं बोट ९/८ वर, करंगळी ४/३ वर, म्हणजे आपला रे आणि मध्यम, काही भानगड नाही. मजा मधल्या बोटाची. मधलं बोट ठेवायच्या एकापेक्षा जास्त जागा तो देतो, आणि त्यातली एक जागा झलझलची. झलझल हा आठव्या शतकातला बगदादचा उदवादक, त्याच्या नावानं ती जागा ओळखली जाते, गुणोत्तर २७/२२.

आता सा २२० हर्ट्झ घेतला की आकडे काय सुंदर पडतात बघा. आपला कोमल गंधार ६/५ नं २६४. शुद्ध गंधार ५/४ नं २७५. आणि झलझलचा गंधार बरोबर २७०. ना कोमल ना शुद्ध, दोघांच्या मध्ये तंगड्या पसरून बसलेला.

फाइल अशी केली: तानपुरा २२० ला, त्यावर आधी २६४, मग २७५, मग काहीही न सांगता २७०. काकांना हेडफोन लावून दिला. पहिल्यांदा तोंड वाकडं. "चढलाय." परत लावला. "नाही, उतरलाय." तिसऱ्यांदा मी २७० वर लांब थांबलो, मिनिटभर, आणि तिथनं रे वर येऊन सा ला सोडला. काका काही बोलले नाहीत, हातानंच परत लाव अशी खूण केली. मग म्हणाले, "हलत नाहीये रे हा. मला वाटलं कुठंतरी जायच्या वाटेवर आहे, पण याचं घर तिथंच आहे." बस, हेच वाक्य मी निवेदनात घेणार, आणि काकांनाच म्हणायला लावणार.

आता कोणी म्हणेल की अरब लोक पाव-स्वर वापरतात, सप्तकाचे सारखे २४ भाग. तो हिशोबही करून बघितला. त्या पद्धतीनं हा गंधार २६९.३ हर्ट्झ येतो, झलझलपेक्षा हर्ट्झभरसुद्धा लांब नाही. पण २४ सारखे भाग हे एकोणिसाव्या शतकातलं गणित आहे, आणि गाणारे त्याच्या आधीपासनं गात होते. प्रत्यक्षात सीरियातल्या हलबचा (अलेप्पोचा) गवई हाच स्वर जरा चढा लावतो, कैरोचा जरा उतरता. म्हणजे आपल्याकडं दरबारीतला गंधार आणि भीमपलासीतला गंधार दोन्ही कोमल म्हणायचे आणि दोन्ही वेगळे लावायचे, तसलाच प्रकार.

आणि सांगलीत बसून हे करताना देवलांची आठवण न येऊन कसं चालेल. कृष्णाजी बल्लाळ देवल, डेप्युटी कलेक्टर, यांनी तारा मोजून २२ श्रुतींचे आकडे मांडले, १९१० मध्ये पुस्तक काढलं, त्यांच्या मोजमापाला गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. क्लेमेंट्स या इंग्रज साहेबाबरोबर श्रुतींची पेटी केली. म्हणजे बॅरन महालाचा पाया खणत होता साधारण त्याच सुमारास आमच्या गावात पण हाच किडा वळवळत होता. पॅनेल चारच्या खालच्या कोपऱ्यात देवलांना चौकट देतोय, ताईंची याला काही हरकत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पॅनेल पाच: ग्रंथ. नाव साधंच, "अरबी संगीत", सहा खंड, पॅरिसहून छापलेले, पहिला १९३०, शेवटचा १९५९.

आता बॅरन वारला १९३२ ला. म्हणजे डोळ्यांदेखत बाहेर आलेला खंड एकच. बाकीचे पाच त्याच्या माघारी, आणि शेवटचा तर २७ वर्षांनी. मग हे काम केलं कोणी? मनूबी स्नूसी. १९०१ चा जन्म, बॅरनचा सेक्रेटरी, दोन्ही भाषांवर हुकमत. मालक गेल्यावर, मधे आख्खं महायुद्ध होऊन गेलं, देश स्वतंत्र झाला १९५६ ला, आणि हा गडी खंडामागनं खंड काढतोच आहे. पुढं रेडिओवरनं लोकांना ट्युनिशियाचं संगीत समजावून सांगत राहिला, १९६६ मध्ये गेला. मुखपृष्ठावर नाव कोणाचं, बॅरनचं.

बाकीची माणसं पण लिहून ठेवतो. अहमद अल-वाफी, ट्युनिसचे बुजुर्ग, बॅरनला मालूफची (ट्युनिशियाच्या घराणेदार संगीताची) गोडी लावणारे गुरू, १९२१ मध्ये गेले. शेख अली दरवीश, हलबचे, १९३१ मध्ये ट्युनिसला आले, त्यांच्या माहितीवर पाचव्या-सहाव्या खंडातलं चालू काळातल्या मकामांचं (अरबी राग म्हणा) आणि तालांचं काम उभं आहे. खमैस तरनान, बिझर्तचे, उदवादक, महालात वाजवायचे. पहिल्या चार खंडांत जुने ग्रंथ आहेत: फाराबी, इब्न सीना, सफीउद्दीन उर्मवी वगैरे. हा सफीउद्दीन भारी प्रकरण, १२५८ मध्ये हुलागूनं बगदाद कापून काढलं त्यातनं वाचला आणि पुढं त्याच मंगोल दरबारात मानानं राहिला, सप्तकाचे १७ भाग करणारा हाच.

तर माझा मुद्दा असा की पॅनेल पाचवर चौघांची नावं बॅरनच्याच फॉन्टसाइजमध्ये येणार. स्नूसीचं तर आधी. ताई म्हणाल्या, "मग बॅरनचं काय राहिलं?" पैसा, जागा, चिकाटी आणि हे करण्यासारखं आहे हे ओळखणं, एवढं राहिलं, आणि ते काय कमी नाही. पण आपल्याकडं पण बघा ना, संस्थानिकानं आश्रय दिला म्हणून त्याचं नाव रस्त्याला, आणि रात्र रात्र बसून चिजा लिहून घेणारा कारकून कोणाला माहीत नाही. इथं तरी तो घोळ नको.

१ मार्च, शनिवार

मधला रविवार लग्नसराईत गेला, माझी स्पीकरची धंद्याची कामं. आज मिरजेला जाऊन आलो.

पॅनेल सहा वाद्यांचं. वाटलं नुसते फोटो लावण्यापेक्षा बनवणाऱ्याच्या नजरेनं बघून लिहावं, म्हणून सतारमेकर गल्लीत ओळखीच्या कारागीर चाचांकडं फोटो घेऊन गेलो. दुकानात नेहमीचं दृश्य, पंढरपूरकडचे वाळलेले भोपळे छताला टांगलेले, खाली एका तानपुऱ्याची जवारी काढणं (गुंजन यावं म्हणून घोडी घासणं) चालू. मोबाइलवर उदचा फोटो मोठा करून दाखवला. चाचांनी आधी पाठ बघितली. "भोपळा नाही, पट्ट्या आहेत." बरोबर, लाकडाच्या पातळ पट्ट्या गरम करून वाकवायच्या आणि कडेला कड चिकटवायची. मग पुढून बघितलं. "घोडी तबलीला चिकटवलीय आणि तारा तिथंच बांधल्यात. जवारी नाही. मग गुंजन कुठनं येणार? टोल पडला की विझला." आणि लगेच स्वतःच, "म्हणून हात एवढा चालत असणार त्यांचा." एका फोटोवरनं! दांडीवर पडदे नाहीत हे पण त्यांनीच दाखवलं, आणि म्हणूनच तो २७० चा गंधार तिथं सुखानं राहतो.

ट्युनिशियाचा स्वतःचा उद वेगळा, उद अरबी म्हणतात, तारांच्या चारच जोड्या. पूर्वेकडच्याला पाच-सहा. दुसरं वाद्य रबाब, दोन तारांचा, होडीसारखा कोरलेला, मांडीवर उभा धरून छोट्या कमानी गजानं वाजवायचा, वरच्या निम्म्या भागावर नक्षीची जाळी आणि खालच्यावर कातडं. चाचांनी त्याला सारंगीच्या घरात टाकला. कानून बघून म्हणाले, स्वरमंडळाचा थोरला भाऊ, पण डावीकडं त्या बारीक पितळी पट्ट्या कशाला? त्या पट्ट्या उचलून-पाडून वाजवता वाजवता तार किंचित चढवता-उतरवता येते, हे सांगितल्यावर चाचा बराच वेळ झूम करून बघत बसले, जवारी तशीच राहिली.

त्यांना २०२४ च्या जीआय टॅगचं (भौगोलिक मानांकनाचं) विचारलं, मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला मिळाला त्याचं. "बोर्ड लावलाय की बाहेर," म्हणाले, आणि विषय परत कानूनवर.

१४ मार्च, शुक्रवार

आज धुळवड, बाहेर पोरांचा दंगा, खिडक्या बंद करून बसलोय. तारीख मात्र बरोबर सापडली. १४ मार्च १९३२ ला कैरोत अरबी संगीताची परिषद सुरू झाली, ३ एप्रिलपर्यंत चालली. इजिप्तच्या राजा फुआदचा आश्रय, मांडणीमागं मुख्य डोकं आपल्या बॅरनचं, आणि ऐन वेळी हाच आजारी, सिदी बू सईदला अंथरुणावर. ट्युनिशियाचा ताफा गेला, त्यात उदवर तरनान आणि रबाबवर मोहम्मद घानिम.

आलेले लोक बघा: युरोपातले संगीतकार आणि संशोधक, बेला बार्टोक, हिंडेमिथ, कुर्ट साख्स, हॉर्नबोस्टेल, फार्मर. इराकहून गवई मोहम्मद अल-कुब्बान्ची, त्याच्या साथीला बगदादचे ज्यू वादक. अल्जीरियातल्या त्लेमसेनहून शेख अल-अरबी बेन सारी. रेकॉर्डिंग समितीचा प्रमुख रॉबर्ट लाखमान, बर्लिनचा, उत्तर आफ्रिकेचं संगीत कोळून प्यालेला. ग्रामोफोन कंपनीनं सगळं तबकड्यांवर घेतलं. पुढच्याच वर्षी लाखमानला ज्यू म्हणून बर्लिनच्या नोकरीतनं काढलं, १९३९ मध्ये जेरुसलेमला वारला. एवढ्या मोठ्या ध्वनिसंग्रहाची बूज राखणारा माणूस आणि स्वतःच्या देशात जागा नाही.

परिषदेत सगळ्यात जास्त भांडण कशावर, तर पियानोवर. इजिप्तमधल्या बऱ्याच जणांना पियानो, चेलो हवे होते, पाव-स्वरांचा पियानोही करून बघितलेला होता, आम्हाला पुढं जायचंय म्हणत होते. आणि युरोपातले पंडित म्हणत होते, नको, तुमचं आहे ते जपा. वाचताना मला दोन्ही बाजूंचा राग येतो आणि दोन्ही पटतात. ज्यांच्या घरात विजेचे दिवे आहेत त्यांनी दुसऱ्याला समईच सुंदर म्हणून सांगावं, हे जरा जास्तच. पण पियानोच्या पट्टीत २७० नाही, तेही खरं. आपल्याकडं पेटीवरून हेच झालं, १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीला दार लावलं आणि मैफलींत पेटी वाजतच राहिली.

बडोद्याची १९१६ ची परिषद, भातखंड्यांची, सयाजीरावांच्या आश्रयाची, तिचा उल्लेख निवेदनात एका ओळीत येईल. राजाचा पैसा, पंडितांचे वाद, श्रुतींचा काथ्याकूट, सोळा वर्षं आधी तोच नाटकाचा पडदा. काकांना म्हटलं यावर दहा मिनिटं बोला. ते म्हणाले, "दहा मिनिटांत मी रेकॉर्ड ऐकवीन."

१९३२ च्या त्या रेकॉर्डिंगांचा १८ सीडींचा संच पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या तबकड्यांवरून निघालेला आहे. आमच्याकडं तो एका सभासदाच्या मुलानं फ्रान्सहून आणलाय.

२३ मार्च, रविवार

ट्रायल घेतली. काका, ताई, वहिनी, मी, आणि चहा द्यायला आलेला मुलगा जो शेवटपर्यंत बसला.

क्रम असा ठरला. आधी तीन गंधारांची फाइल. मग मालूफ. हे ट्युनिशियाचं घराणेदार संगीत, स्पेनमधनं हाकललेले मुसलमान आणि ज्यू उत्तर आफ्रिकेत आले त्यांच्याबरोबर आलेलं आणि तिथं रुजलेलं. १३ नौबा, एकेक नौबा म्हणजे एकाच तबात (त्यांचा राग म्हणा) बांधलेली आख्खी मालिका, सुरुवात वाद्यांची, मग बतायही संथ, मग बरवल, द्राज, खफीफ आणि शेवटी खत्म द्रुत. हे आपल्या लोकांना सांगावं लागणार नाही, विलंबित-द्रुत कानात बसलेलंच आहे. मग कैरोच्या तबकड्या, त्यातही आधी ट्युनिशिया, मग कुब्बान्ची. शेवटी रशीदियाच्या परंपरेतली मोठ्या वृंदाची नौबा.

या शेवटच्यावर चर्चा झाली. रशीदिया ही संस्था ट्युनिसमध्ये १९३४ ला निघाली, कैरोच्या परिषदेनंतर दोनच वर्षांनी, नाव अठराव्या शतकातल्या संगीतप्रेमी रशीद बेचं. तरनान तिथं शिकवायचे. तिथं मालूफ नोटेशनमध्ये लिहून घेतला, व्हायोलिन-चेलो घेऊन मोठा वृंद केला. १९३२ ची तबकडी आणि हा वृंद लागोपाठ ऐकवले तेव्हा वहिनी म्हणाल्या की दुसरं जास्त छान वाटतं. काका म्हणाले, छान आहे, पण पहिल्यात प्रत्येक जण तीच चाल आपापल्या पद्धतीनं म्हणतोय, कोणी मागं कोणी पुढं, दुसऱ्यात सगळे एका रांगेत. मी मध्ये पडलो नाही. दोन्ही ऐकवायचे, लोक ठरवतील.

उजवा स्पीकर नवीन आणलाय, माझ्या धंद्यातला, भाडं नाही.

५ एप्रिल, शनिवार

पॅनेलं छापून आली. रंग झकास, निळा अगदी दाराचा निळा आलाय. पॅनेल तीन शेवटी १२० शब्दांत बसवलं, कर्ज, बंड, दिवाळं, फौज, कापूस, सगळं आहे. ताईंनी त्याची पार्श्वभूमी मुद्दाम पांढरी ठेवली, एकही फोटो नाही, आणि खरं सांगायचं तर सहाही पॅनेलांत तेच आधी वाचावंसं वाटतं. त्यांना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "मला माहितीये, मीच केलंय ते."

पॅनेल पाचवर पाच नावं, एकाच साइजमध्ये. प्रिंटरवाल्यानं फोन करून विचारलं होतं की यातलं मेन नाव कुठलं, ते बोल्ड करतो.

बाकी राहिलेलं: व्हरांड्यातला बल्ब, खुर्च्या साठ, पहिल्या रांगेत वहिनींचं नाव, चाचांना मिरजेहून आणायला गाडी.

१३ एप्रिल, रविवार

झाला कार्यक्रम. साठ खुर्च्या कमी पडल्या, मागं सतरंजी टाकली. २७० हर्ट्झला हॉलमध्ये कुजबुज झाली, अपेक्षित होती, काकांनी त्यांचं वाक्य म्हटलं आणि परत लावायला सांगितलं, दुसऱ्यांदा शांत. कुब्बान्चीला टाळ्या. रशीदियाला जास्त टाळ्या. प्रश्नोत्तरांत एका आजोबांनी विचारलं की महाल बापाच्या पैशातनं बांधला तर तो ट्युनिशियाच्या लोकांचाच होता की, मग सरकारनं परत विकत कशाला घेतला? माझ्याकडं उत्तर नव्हतं, ताईंनी माझ्याकडं बघितलं, मी माईक काकांकडं दिला, काका म्हणाले, "हा प्रश्न पॅनेलवर घालायला पाहिजे होता."

चाचा कार्यक्रमानंतर कानूनच्या पॅनेलसमोर उभे राहून पट्ट्या मोजत होते. त्यांना त्या डाव्या बाजूचा जवळून काढलेला फोटो हवाय, जुन्या स्वरमंडळावर चार तारांना बसवून बघतो म्हणाले. हार्डडिस्कमध्ये आहे का बघून उद्या पाठवायचा. पॅनेलं मिरजेच्या एका शाळेनं मागितली आहेत, मे महिन्याच्या सुट्टीआधी द्यायची.